परदेशातल्या वस्तू रंगवतो पण चित्रं कॅलेंडरसारखी दिसतात, अजून फिरायला हवं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरात नोकरी करता, सुट्टीच्या दिवशी रंगवता. जगभर फिरून तिथले कप, खुर्च्या, किटल्या, टाइल्स अशा साध्या वस्तू रंगवणाऱ्या एका आजच्या चित्रकाराचं काम तुम्ही पाहिलं आणि तसंच काहीतरी करावंसं वाटलं. मागच्या वर्षी व्हिएतनामला जाऊन आलात, फोनमध्ये हजारेक फोटो आणले, त्यावरून होई आनचे कंदील, हालाँग बेच्या होड्या रंगवल्या, आणि सगळं कॅलेंडरसारखं दिसून राहिलं. आता विचारताय की अजून देश फिरायला पैसे साठवू की घरातली एक खोली स्टुडिओसाठी तयार करू.

मी इथेच नागपुरात बरीच वर्षं रंगवते आणि शिकवते, जास्त काम स्टिल लाइफचं, म्हणजे वस्तू मांडून त्यांची चित्रं, प्रवासही जमेल तसा केलाय, म्हणून सविस्तर लिहिते. पैशाच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ, कारण मला वाटतं खरी अडचण तिथे नाहीये. तुम्ही जे रंगवलं ते सगळं तुम्ही लांबून पाहिलेलं आहे. कंदील टांगलेला होता, होडी पाण्यात होती, तुम्ही फोटो काढला नि पुढे गेलात. त्यातलं काहीच तुमच्या हातात आलं नाही, त्याचं वजन, ते गरम आहे की गार, कुठे धरलं की घसरतं, हे काही तुम्हाला माहीत नाही. मग चित्रात येतं ते फक्त दिसणं, आणि नुसतं दिसणं तर तिथल्या प्रत्येक पोस्टकार्डवर आधीच छापलेलं आहे. तुम्हाला ज्या चित्रकाराचं काम आवडलं त्याची चित्रं परत एकदा बघा, मला जवळपास खात्री आहे की त्यातल्या वस्तू कुणीतरी वापरत असलेल्या वाटतील.

आता हे सगळ्यांना सारखं लागू होतं असं नाही. काही लोक जागेवर उभं राहून अर्ध्या तासात वॉटरकलर करतात, त्यांचं काम वेगळं, त्यांना तो क्षण, ती हवा पकडायची असते, त्यांना वस्तू घरी आणायची गरज नाही. तुम्ही अॅबस्ट्रॅक्टकडे जाणारे असाल तरी गणित बदलतं. चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्मले आपल्या नागपुरात, 1924 मध्ये, आणि 1964 ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, पण त्यांच्या कॅनव्हासवर ना नागपूर शोधता येतं ना न्यूयॉर्क. मी जे सांगतेय ते ज्यांना ओळखू येणारी वस्तू रंगवायची आहे आणि तरी ते चित्र आपलं वाटायला हवंय, त्यांच्यासाठी.

व्हिएतनाममध्ये तुम्ही फुटपाथवर कॉफी प्यायला असालच. ती बुटकी प्लास्टिकची स्टुलं, टेबल म्हणूनही तसंच एक जरा उंच स्टूल, काचेच्या ग्लासावर ठेवलेला तो धातूचा छोटा फिल्टर, फिन म्हणतात त्याला, खाली कंडेन्स्ड मिल्क, आणि वरून थेंब थेंब कॉफी पडते, पाच मिनिटं तरी नुसतं बसून राहावं लागतं. या सगळ्याचे फोटो तुमच्याकडे असतीलही, पण रंगवायला घेतले नाहीत कारण ते "सुंदर" वाटले नसतील. माझ्या मते तुमचं चित्र तिथे होतं. कारण त्या स्टुलावर बसलं की गुडघे वर येतात, टेबल गुडघ्याशी येतं, तुम्ही ग्लासाकडे बरंच वरून बघता, त्यामुळे ग्लासाचं तोंड जास्त गोल दिसतं, आपल्या घरच्या डायनिंग टेबलावर तोच ग्लास ठेवला तर तोंड चपटं दिसेल. म्हणजे तिथे लोक कसे बसतात हे ग्लासाच्या एका लंबगोलात उतरतं. असं काहीतरी चित्रात आलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण तो तिथे बसल्यासारखा होतो. घरी करून बघायचं असेल तर ग्लास पाटावर किंवा चौरंगावर ठेवा आणि स्वतः मोढ्यावर बसा, फोटोची गरजच नाही.

माझं एक उदाहरण देते. इस्तंबूलला बरेच दिवस राहायला मिळालं होतं, तिथला चहा त्या कमरेच्या बारीक ग्लासात येतो, कान नसतो ग्लासाला, त्यामुळे वरच्या काठाला दोन बोटांनी धरावा लागतो. बोस्फरसच्या फेरीबोटीवरसुद्धा तोच ग्लास, तीच छोटी बशी. मी टुरिस्टांच्या दुकानातले सोनेरी नक्षीचे न घेता साध्या भांड्यांच्या दुकानातले दोन घेतले आणि तिथे असेपर्यंत रोज त्यातच चहा प्यायले. तिथे चित्र मात्र एकही नीट झालं नाही, नुसती रेखाटनं. नागपूरला आल्यावर खिडकीत तो ग्लास आणि शेजारी टपरीवरचा आपला कटिंगचा जाड बुडाचा, उभ्या रेघांचा ग्लास ठेवला, दोन्हीत चहा ओतला, आणि बघतच राहिले. आपला दुधाचा चहा उजेड आत जाऊच देत नाही, त्याचा रंग पृष्ठभागावरच थांबतो, ग्लासाची सावली टेबलावर मळकट पडते, रेघांमुळे फक्त काचेचे पांढरे पट्टे चमकतात. तिकडचा कोरा चहा पारदर्शक, उजेड त्यातून आरपार जातो आणि सावलीच्या मधोमध लालसर केशरी ठिपका पडतो. शिवाय ग्लासाच्या पोटाशी चहा गडद आणि कमरेशी फिका, कारण तिथे चहाचा थर पातळ. हे मला इस्तंबूलला दिसलंच नव्हतं, कारण तिथे सगळेच ग्लास तसे. इथे दुसरा ग्लास शेजारी आला तेव्हा पहिला दिसला. त्या एका ठिपक्यावर मी पुढे कितीतरी महिने काम केलं.

प्रवासाचा उपयोग मला तरी असाच झालाय. तिकडची वस्तू बघून तिकडचं चित्र होत नाही, तिकडचं बघून इकडचं दिसायला लागतं, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर काहीतरी घडतं. हे मोठ्यांच्या कामातही दिसतं. फ्रेंच चित्रकार मातिस 1930 मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर जाऊन काही महिने राहिला, थोडी रेखाटनं केली, फोटो काढले, पेंटिंग जवळजवळ काहीच नाही. मग 1946 मध्ये, सोळा वर्षांनी, पॅरिसच्या घरात त्याने पांढऱ्या कागदाचे पक्षी, मासे, समुद्री वनस्पती कापून भिंतीवर लावायला सुरुवात केली आणि त्यातून ओशनिया नावाची दोन मोठी कामं झाली, एक आकाशाचं, एक समुद्राचं. तुम्ही मागच्या वर्षी जाऊन आलात आणि आत्ताच चित्रं जमत नाहीत म्हणून खचून राहिलात, त्याला काही अर्थ नाही हो.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार देलाक्रवा पण बघा. 1832 मध्ये सहाएक महिने मोरोक्कोला, येताना थोडं अल्जीयर्सला, एका राजनैतिक मंडळासोबत गेला. तिथे वह्या भरल्या, त्यात रेखाटनं, वॉटरकलर आणि शेजारी शब्दात रंगांच्या नोंदी. येताना कपडे, मातीची भांडी, वाद्यं अशा वस्तू घेऊन आला. पुढे जवळपास तीस वर्षं, म्हणजे 1863 ला वारला तोपर्यंत, त्याच एका प्रवासावर पुन्हा पुन्हा चित्रं करत राहिला. एक प्रवास, वह्या आणि सामान, बस. यात मला सगळ्यात कामाची वाटते ती शब्दातली नोंद, त्यावर पुढे लिहिते.

दुसऱ्या टोकाला इटलीचा चित्रकार मोरांदी. बोलोन्याच्या एका घरात बहिणींसोबत राहिला, इटलीबाहेर फारसा गेलाच नाही, झोपायच्या खोलीतच काम करायचा आणि बाटल्या, डबे, भांडी एवढंच आयुष्यभर मांडत राहिला. बाटल्यांची लेबलं काढून टाकायचा, काहींना वरून मॅट रंग द्यायचा म्हणजे चमक जाते नि फक्त आकार उरतो, आणि त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा. आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे, घड्याळ, पान, ढग असल्या रोजच्या गोष्टी, तेही एनॅमल पेंटमध्ये, आणि एवढी मोकळी जागा ठेवून की ती वस्तू पहिल्यांदाच बघतोय असं वाटतं. त्यांना त्यासाठी देश बदलावा लागला नाही.

आणि प्रवास आणि वस्तू दोन्ही एकत्र बघायचं असेल तर आपल्याकडचे आजचे कलाकार सुबोध गुप्ता. लोकांना त्यांची स्टीलच्या भांड्यांची शिल्पं माहीत असतात, पण त्यांची एअरपोर्टवरच्या सामानाच्या ट्रॉल्यांची चित्रं जरूर बघा. दोरीने करकचून बांधलेली बोचकी, सुटकेसा, परदेशात राबून घरी परतणाऱ्या माणसांचं सामान. त्यात ना आयफेल टॉवर आहे ना ताजमहाल, आणि तरी अख्खा प्रवास आहे, तो का केला हेही आहे. मला ती चित्रं फार जवळची वाटतात. आपल्या नागपूर स्टेशनवर उभं राहून हे शिकता येईल, देशाच्या चारही दिशांच्या गाड्या इथून जातात, माणसं काय कशात बांधून नेतात ते बघा.

आता फोटोंबद्दल. फोटोवरून रंगवू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरते. पण फोन काय करतो हे माहीत पाहिजे. फोनचा मेन कॅमेरा वाइड असतो, जवळून कप टिपला की त्याचा आकार ताणला जातो, फ्रेमच्या कडेला असेल तर लंबगोल तिरका खेचला जातो, आणि आपण इमानदारीने ते चुकीचं कॉपी करतो. थोडं मागे सरकून दुप्पट झूम करून काढा. दुसरं म्हणजे फोन सावल्या आपोआप उजळतो, समोरचं मागचं सगळं सारखंच स्पष्ट दाखवतो, त्यामुळे चित्रात कुठेच काही मागे जात नाही. तुमचे कंदील सपाट दिसतात त्याचं निम्मं कारण हेच असणार.

सावलीचं अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबवते. डिसेंबरात दुपारी बाराच्या सुमारास इस्तंबूलला उन्हातल्या ग्लासाची सावली ग्लासाच्या दुप्पट लांब पडते. त्याच वेळी नागपूरला ती साधारण ग्लासाएवढीच असते, आणि मेच्या शेवटी तर सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी सावली ग्लासाच्या बुडाशी गोळा होते. आपण काय करतो, फोटोतली वस्तू घेतो, मागे आपली खिडकी घेतो, सावली अंदाजे टाकतो, आणि मग चित्र खोटं का वाटतं ते कळत नाही. प्रत्येक जागेचा स्वतःचा उजेड असतो तो त्या जागेच्या अक्षांशामुळे आणि हवेमुळे, तुम्ही एकतर तिकडचा उजेड पूर्ण घ्या नाहीतर वस्तू इकडच्या उजेडात खरोखर ठेवून बघा. मी दुसरं करते. तिकडची वस्तू आपल्या उन्हात थोडी परकी दिसते, ते परकेपण मला चित्रात हवं असतं.

म्हणून पुढच्या वेळी जाल तेव्हा फोटो कमी आणि वही जास्त. ए-फाइव्ह साइजची जाड कागदाची वही, एक पेन्सिल, वॉटर ब्रश, वॉटरकलर किंवा गॉशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) वाळलेल्या वड्यांची छोटी डबी, यापेक्षा जास्त नको. ऑइल रंग पातळ करायचं टर्पेंटाइन विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, पेन्सिल तासायचं कटर चेक-इनमध्ये टाका. चित्र चांगलं यायची गरज नाही, पण शेजारी शब्दात लिहा, सावली कुठल्या बाजूला, किती वाजता, काठ गरम होता, बशीत सांडलं होतं, बसायला काय होतं, शेजारचा माणूस तो कप कसा धरत होता. सहा महिन्यांनी फोटो तुम्हाला काही सांगणार नाही, ही ओळ सांगेल. आणि वस्तू आणायची तर एक किंवा दोन, घरात वापरता येईल अशी. शोकेसमध्ये गेली की ती वस्तू मेली. व्हिएतनामहून फिन आणला असेल तर आजपासून त्यात कॉफी करा, नसेल तर ऑनलाइन मिळतो, आणि तो वापरल्याने काळा पडला, दबला की मगच रंगवायला घ्या.

इथे काम कसं करायचं हेही सांगते कारण नागपूरचा उन्हाळा पुस्तकात नसतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी, तिथून थेट ऊन येत नाही. आपल्याकडे मे ते जुलै हे खरं नाही, सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं, तेवढा वेळ पातळ पांढरा पडदा लावा. आणि मार्चमध्ये घरचे त्याच खिडकीत कुलर बसवतात, ते आधीच बोलून ठेवा, नाहीतर ऐन सुट्ट्यांत तुमचा उजेड गेला. अॅक्रिलिक पंचेचाळीस डिग्रीत पॅलेटवरच पापुद्रा धरतं, ओल्या टिश्यूवर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढा, स्प्रे बाटली जवळ ठेवा. वॉटरकलरचा मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दुपारी देऊच नका, ब्रश दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं, सकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली. कुलरच्या हवेत कागद फुगतो म्हणून आधी बोर्डावर ओला करून टेपने ताणून घ्या. ऑइल करत असाल तर उन्हाळा उलट चांगला, पण टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत फार होतो, खिडकी उघडी ठेवा.

मांडणी करताना माझी एकच पद्धत आहे. एक वस्तू बाहेरची, एक इथली, आणि दोघींचं काम एकच असलं पाहिजे. फिनशेजारी आपला चहाचा गाळणं लावलेला कप. तिकडच्या बुटक्या स्टुलाशेजारी इथल्या तर्री पोह्याच्या ठेल्यावरची प्लास्टिकची खुर्ची, किंवा उभ्या उभ्या खाणाऱ्या माणसाच्या हातातली स्टीलची प्लेट, कारण तिथे बसून वाट बघणं आहे आणि इथे उभं राहून ऑफिस गाठणं आहे, तो फरक वस्तूंत दिसतो. नुसतं शोभेसाठी केळं आणि बुद्ध शेजारी ठेवू नका. मग दोन्ही वस्तू तशाच ठेवून रोज थोडं थोडं ड्रॉइंग करा, रंग लगेच नाही. आठवडाभरात एक तरी गोष्ट सापडते जी आधी दिसत नव्हती, चित्र त्या गोष्टीचं करा आणि बाकी सगळं तिच्यासाठी बारीक करा. विकायचं कसं, कुठे दाखवायचं, हे आत्ता डोक्यात आणू नका, एकसारख्या ओढीची दहा-बारा चित्रं झाली की तो प्रश्न घेऊ.

आता पैसे. तुमचं घर, पगार, कर्ज मला माहीत नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. पण अख्खी खोली तयार करायची गरज मला दिसत नाही. खिडकीजवळ एक पक्कं टेबल, जे जेवणासाठी आवरावं लागणार नाही, मांडलेली वस्तू पंधरा दिवस हलवावी लागणार नाही, एवढं घरच्यांकडून मिळवा, याला जवळपास पैसे लागत नाहीत आणि प्रवासापेक्षा याचा फायदा जास्त होईल. उरलेले प्रवासासाठी साठवा, पण पाच देश दहा दिवसांत असं पॅकेज नको, एकच गाव आणि तिथे जमेल तितके दिवस, स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम, कारण तिथलीच भांडी घासावी लागतात.

तोपर्यंत इथे कमी आहे का काही. भंडारा बसने दीड-दोन तास, पितळेच्या भांड्यांसाठी जुनं नाव आहे, घडवणाऱ्यांकडे जाऊन बसा, परवानगी घेऊन काढा. इतवारीत भांड्यांची दुकानं आहेत, महालात चितार ओळीत गणपतीच्या आधी मूर्तिकारांची हत्यारं, रंगाचे डबे, मातीचे ढीग बघायला मिळतात. अजब बंगल्यात जा, 1863 पासूनचं म्युझियम आहे, जुनी शस्त्रं नि भांडी पेन्सिलने काढायला बरी जागा. चित्रकार रझा साहेब मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात वाढले, नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, 1950 ला फ्रान्सला गेले आणि कितीतरी दशकं तिथेच राहिले, पण त्यांच्या चित्रात सगळ्यात घट्ट बसला तो बिंदू, ज्याचं मूळ ते लहानपणच्या शाळेत मास्तरांनी एकटक बघायला लावलेल्या ठिपक्यापाशी सांगायचे. तिथपर्यंत यायला त्यांना फ्रान्स लागलं हेही तितकंच खरं आहे, म्हणून प्रवास सोडा असं मी तुम्हाला अजिबात सांगत नाहीये.

या आठवड्यात एवढं करा. ते हजार फोटो परत उघडा आणि ज्यात कुणाचा तरी हात एखाद्या वस्तूवर आहे तेवढेच वेगळे काढा, चुकून फ्रेममध्ये आलेला असला तरी चालेल. फार नसतील, वीसेक निघाले तरी खूप. त्यातली एक वस्तू अशी निवडा जिचं काम करणारी वस्तू तुमच्या घरातही आहे, घरातली ती टेबलावर ठेवा, फोटो शेजारी लावा, आणि पेन्सिलने दोन्ही एकाच कागदावर काढा. झालं की इथेच टाका, टेबलावर उजेड कुठून येतो तेही लिहा, मग पुढचं त्या ड्रॉइंगवरच बोलू.